गुरांच्या औषधांची विक्री : देणे आणि नाकारणे

दुभते जनावर आजारी पडले की पशुपालकाची पावले बहुधा प्रथम दुकानाकडे वळतात. ते दुकान कधी गावच्या सहकारी संस्थेचे विक्रीकेंद्र असते, कधी बाजारातील औषधालय, तर कधी पशुखाद्याचा गाळा. दवाखाना दूर असतो, त्याची वेळ टळून गेलेली असते आणि दुकानदार तर रोजच्या ओळखीचा. ‘‘गाय खात नाही, काहीतरी द्या,’’ एवढ्या एका वाक्यात तो आपली सारी चिंता दुकानदाराच्या हवाली करतो. हे ‘काहीतरी’ काय असावे, ते देण्याचा अधिकार कोणास आहे आणि कोणत्या क्षणी ‘‘हे मला देता येणार नाही’’ असे सांगणे हेच विक्रेत्याचे कर्तव्य ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. गोव्यातील औषधविक्रेते, सहकारी संस्थांचे कर्मचारी आणि हा व्यवसाय नव्याने सुरू करू इच्छिणारे तरुण यांना तो उपयुक्त ठरेल, अशी अपेक्षा आहे.

कायद्याच्या दृष्टीने औषध

‘‘गुरांचेच तर औषध, त्याला कसला परवाना?’’ हा समज अद्यापि पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो सर्वस्वी चुकीचा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये ‘औषध’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तीत माणसांप्रमाणेच जनावरांच्या पोटात देण्याची अथवा अंगावर लावण्याची औषधे स्पष्टपणे समाविष्ट आहेत. त्यामुळे किरकोळ विक्रीसाठी जो परवाना माणसांच्या औषधांना लागतो, तोच गुरांच्या औषधांनाही लागतो. १९४५ च्या नियमांनुसार सर्वसाधारण औषधांसाठी नमुना २० मधील, तर लसी, रक्तजल इत्यादी जैविक औषधांसाठी नमुना २१ मधील परवाना दिला जातो. ज्या दुकानात नोंदणीकृत औषधनिर्माता, म्हणजे फार्मासिस्ट, नेमलेला नाही, त्यास नमुना २०-ए किंवा २१-ए मधील मर्यादित परवाना मिळू शकतो. मात्र अशा दुकानाने पात्र व्यक्तीच्या देखरेखीविना विकता येतील एवढीच औषधे ठेवावयाची असतात आणि तीही मूळ वेष्टनातच विकावयाची असतात. गोव्यात हे परवाने अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडून दिले जातात.

विनापरवाना औषधविक्री हा किरकोळ गुन्हा नव्हे. अधिनियमाच्या कलम २७ मध्ये त्यासाठी किमान तीन वर्षांच्या कारावासाची आणि किमान एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे. आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीस या अधिनियमाखाली परवाना लागत नाही. तथापि त्यांच्या उत्पादकाकडे निर्मितीचा परवाना असणे अनिवार्य आहे. म्हणून वेष्टनावर तो क्रमांक छापलेला आहे किंवा नाही, हे खरेदीच्या वेळीच पाहून घ्यावे.

‘चिठ्ठीविना’ याचा नेमका अर्थ

चिठ्ठीविना विकावयाच्या औषधांना व्यवहारात ‘ओव्हर द काउंटर’ औषधे म्हटले जाते. परंतु १९४५ च्या नियमांत या नावाचा स्वतंत्र वर्ग किंवा यादी दिलेली नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ज्या औषधांना चिठ्ठी आवश्यक आहे, त्यांच्या अनुसूची नियमांत आहेत. त्यांत जे नाही, तेवढेच चिठ्ठीविना विकता येते. अर्थात हा हिशेब वजाबाकीचा आहे. ‘‘सगळेच देतात’’, ‘‘साधेच औषध आहे’’ किंवा ‘‘कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला’’ ही त्यासाठीची प्रमाणे नव्हेत. प्रमाण एकच, वेष्टनावरील मजकूर.

अनुसूची एच मधील औषधाच्या वेष्टनावर ‘आरएक्स’ हे चिन्ह आणि चिठ्ठीविना विक्री करू नये अशी सूचना असते. १ मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या अनुसूची एच-१ मधील औषधावर हे चिन्ह लाल रंगात असते व इशारा लाल चौकटीत छापलेला असतो. कासदाहासाठी दुभत्या गुरांना सर्रास टोचले जाणारे सेफ्ट्रायॅक्झोन हे प्रतिजैविक याच एच-१ अनुसूचीत मोडते. अशा प्रत्येक विक्रीची नोंद निराळ्या नोंदवहीत करावी लागते. चिठ्ठी देणाऱ्याचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेले प्रमाण हा तपशील तीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवावयाची असते.

अनेकांना आश्चर्य वाटेल असे एक उदाहरण येथे देणे उचित होईल. जंतांवरील अल्बेंडाझोल हे औषध कित्येक दुकानांत मागेल त्यास दिले जाते. वास्तविक ते अनुसूची एच मध्ये आहे, आणि यामागे कारणही आहे. गाभणपणाच्या प्रारंभीच्या काळात हे औषध दिले गेल्यास गर्भाला अपाय होऊ शकतो. गाय गाभण आहे की नाही, हे पहिल्या महिन्यात खुद्द मालकालाही ठाऊक नसते. मग ते दुकानदाराला कोठून ठाऊक असणार? अनुसूची म्हणजे कागदी अडवणूक नसून कोणाच्या तरी नुकसानीतून आलेले शहाणपण आहे, हे अशा उदाहरणांवरून पटते.

चिठ्ठी म्हणजे काय, याविषयीही स्पष्टता हवी. ती लेखी असावी, तीवर पशुवैद्यकाची सही व दिनांक असावा, जनावराच्या मालकाचे नाव व पत्ता असावा आणि द्यावयाच्या औषधाचे प्रमाण नमूद असावे. ‘‘डॉक्टरांनी फोनवर सांगितले,’’ हे शब्द म्हणजे चिठ्ठी नव्हे. मागील वर्षीची चुरगळलेली चिठ्ठी हीदेखील आजच्या आजाराची चिठ्ठी होऊ शकत नाही.

दुकानाची मांडणी

जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर ते माणसांच्या वापरासाठी नाही, केवळ जनावरांच्या उपचारासाठी आहे, अशी सूचना व पाळीव जनावराच्या मस्तकाचे चित्र असणे नियमाने बंधनकारक आहे. माणसांची औषधेही विकणाऱ्या दुकानात गुरांची औषधे त्यांच्यासाठीच राखून ठेवलेल्या कपाटात अथवा खणात, किंवा गिऱ्हाइकांना प्रवेश नसलेल्या वेगळ्या भागात ठेवावयाची असतात. सायंकाळच्या गर्दीत एकसारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांची अदलाबदल होणे किती सोपे असते, हे प्रत्येक विक्रेता जाणतो.

लसी सामान्यतः दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. शीतपेटीतील तापमान दिवसातून दोनदा पाहून लिहून ठेवण्याची सवय लावावी. कोकणपट्टीतील पावसाळ्यात वीज वारंवार जाते. अशा वेळी काही तास ऊब लागलेली लस बाहेरून पूर्वीसारखीच दिसते, पण तिचे सामर्थ्य नष्ट झालेले असू शकते. मुदत संपलेला माल विक्रीच्या फळीवरून तात्काळ काढून ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठी लावलेल्या पेटीत ठेवावा.

गोचीड व पिसवा यांवरील औषधांच्या बाबतीत विशेष दक्षता आवश्यक आहे. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी द्रव्ये पिकांवरील कीटकनाशकांतही असतात. मात्र त्या कीटकनाशकांची विक्री १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखाली होते आणि त्यांची तीव्रता व त्यांतील इतर द्रव्ये जनावरांच्या कातडीसाठी योजलेली नसतात. ‘‘औषध तेच, पण स्वस्त’’ म्हणून फवारणीची बाटली गोचिडांसाठी देणारा विक्रेता जनावर आणि ते धुणारा माणूस या दोघांनाही विषबाधेच्या तोंडी देतो.

देण्यापूर्वीचे चार प्रश्न

चिठ्ठी न लागणारी औषधेही निरुपद्रवी असतातच असे नाही. म्हणून बाटली हाती देण्यापूर्वी चार प्रश्न विचारण्याचा प्रघात प्रत्येक दुकानाने पाडावा.

पहिला प्रश्न : जनावर कोणते, किती वयाचे आणि अंदाजे किती वजनाचे? कुत्र्यांच्या अंगावरील पिसवांसाठी असलेले परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावले तर ते मांजर दगावू शकते. माणसांच्या डोकेदुखीवरील पॅरासिटामॉलची साधी गोळीही मांजराला प्राणघातक ठरते. पणजी, मडगाव यांसारख्या शहरांत घरगुती प्राण्यांच्या औषधांची मागणी मोठी आहे. तेथील विक्रेत्यांनी हा प्रश्न कधीही गाळू नये.

दुसरा प्रश्न : जनावर गाभण आहे काय, दूध देत आहे काय? याचे महत्त्व वर आलेच आहे व पुढेही येईल.

तिसरा प्रश्न : आजार केव्हापासून आहे आणि आणखी कोणती लक्षणे दिसतात? ताप, रक्ती हगवण, धाप, गर्भपात, अंगावर गाठी, तोंडातून लाळ व खुरांत फोड यांपैकी एकही लक्षण सांगितले गेले, तर विक्रेत्याचे काम तेथेच संपते व पशुवैद्यकाचे सुरू होते. २०२२ साली देशातील अनेक राज्यांत लम्पी चर्मरोगाची साथ पसरली. हा रोग विषाणूजन्य असल्याने प्रतिजैविकाने तो बरा होत नाही. अशा वेळी गाठी पाहून मनाने टोचलेले इंजेक्शन म्हणजे ‘आजार रेड्याला आणि औषध पखालीला’ या म्हणीचाच प्रत्यय होय. त्यात पैसा तर जातोच, शिवाय साथीची खबर पशुसंवर्धन खात्यापर्यंत पोहोचण्यास विलंब होतो.

चौथा प्रश्न : आतापर्यंत काय दिले? घरगुती उपाय, शेजाऱ्याकडील उरलेले औषध, आदल्या दिवशीचे इंजेक्शन हे सारे मालक आपण होऊन सांगत नाही. विचारले तर मात्र सांगतो.

या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर क्षार मिश्रण, जखमेवरील जंतुनाशक द्रावण, माश्या दूर ठेवणारे मलम यांसारख्या वस्तू विक्रेता निःशंकपणे देऊ शकतो, अर्थात त्यांच्या वेष्टनावर चिठ्ठीची सूचना नसेल तर. मात्रा सांगताना वेष्टनावरील मात्राच सांगावी. ‘‘थोडे जास्त घातले तर लवकर गुण येतो,’’ असे कधीही म्हणू नये. द्रावण पातळ करावयाचे असेल, तर पाण्याचे प्रमाण कागदावर लिहून द्यावे.

चार प्रसंग

वरील तत्त्वे व्यवहारात कशी लागू होतात, हे चार नेहमीच्या प्रसंगांवरून पाहू.

प्रसंग पहिला. कालच व्यालेली जास्त दुधाची गाय उठत नाही, मान पोटाकडे वळवून बसली आहे, कान थंड पडले आहेत. मालक कॅल्शियमची बाटली मागतो. ही लक्षणे दुग्धज्वराची असू शकतात. बसलेल्या व गुंगीत असलेल्या गाईला तोंडाने औषध पाजल्यास ते श्वासनलिकेत उतरून ती दगावण्याचा धोका असतो. तिला शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते व तेही सावकाश. घाईने दिल्यास हृदय बंद पडू शकते. म्हणजे मागितलेली वस्तू चिठ्ठीविना विकता येत असली, तरी या गिऱ्हाइकाला ती विकणे योग्य नव्हे. तेथे तातडीने पशुवैद्यकास बोलावणे हाच उपाय.

प्रसंग दुसरा. म्हशीच्या कासेला सूज आहे, दुधात गुठळ्या येतात. मालक ‘‘मागच्या वेळचीच’’ प्रतिजैविकाची नळी मागतो. चिठ्ठीविना ती देता येत नाही. मागच्या वेळचे जंतू व या वेळचे जंतू एकच असतील असेही नाही. अर्धवट उपचाराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढे तेच जंतू माणसांच्या आजारातही डोकेदुखी ठरतात.

प्रसंग तिसरा. म्हैस पान्हा सोडत नाही म्हणून ऑक्सिटोसिन मागितले जाते. हे औषध अनुसूची एच मधील आहे. त्याचा उपयोग पशुवैद्यकाने विशिष्ट कारणासाठी करावयाचा असतो, रोजच्या धारेसाठी नव्हे. दूध वाढविण्यासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक द्रव्य टोचणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम १२ खाली दंडनीय अपराध आहे. लेबल नसलेल्या बाटलीतून ‘पान्ह्याचे औषध’ पुरवू पाहणारा फिरता व्यापारी दारी आला, तर त्याच्याकडून कोणतीही खरेदी करू नये.

प्रसंग चौथा. लंगडणाऱ्या बैलासाठी माणसांच्या डायक्लोफेनॅक इंजेक्शनच्या दहा-बारा कुप्या मागितल्या जातात. ही मागणी साफ नाकारली पाहिजे. या औषधाने उपचार केलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध केले. एके काळी गावोगाव दिसणारी पांढऱ्या पाठीची गिधाडे देशातून ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तथापि माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या इंजेक्शनचे वेष्टन तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपुरते मर्यादित करण्यात आले. पुढे जुलै २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक आणि डिसेंबर २०२४ मध्ये निमेसुलाइड यांच्याही जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. वेदनाशमनासाठी मेलॉक्सिकॅमसारखी गिधाडांना सुरक्षित औषधे उपलब्ध आहेत. पशुवैद्यक ती लिहून देऊ शकतात. रायगड जिल्ह्यात, म्हसळा व श्रीवर्धन परिसरात, उरल्यासुरल्या गिधाडांना जगविण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्या प्रयत्नांचे यशापयश काही अंशी औषधविक्रेत्यांच्या नकारावरही अवलंबून आहे.

दुधाचा प्रश्न

जनावराला दिलेले औषध काही काळ त्याच्या दुधात, मांसात व अंड्यांत उतरत राहते. तो काळ संपेपर्यंत हे पदार्थ माणसांच्या आहारात येऊ देऊ नयेत. या मुदतीस आपण सोयीसाठी ‘वर्ज्यकाळ’ म्हणू. २०१२ साली नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांच्या औषधांवर हा वर्ज्यकाळ छापणे आवश्यक आहे. एखाद्या औषधाचा काळ शास्त्रीय चाचणीने निश्चित झाला नसेल, तर तो दूध व अंडी यांसाठी सात दिवसांहून आणि मांसासाठी अठ्ठावीस दिवसांहून कमी धरता येत नाही. माशांसाठी तो पाचशे ‘अंश-दिवस’ आहे. म्हणजे पाण्याचे तापमान पंचवीस अंश असेल तर वीस दिवस.

हा आकडा प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांगावा व पावतीच्या पाठीमागे लिहूनही द्यावा. दूध उकळल्याने प्रतिजैविकाचा अंश नाहीसा होईलच असे नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला असे दूध बाधू शकते. दही लावण्यासाठी लागणारे उपकारक जंतू त्यामुळे मरतात व दही नीट लागत नाही. गावच्या संकलन केंद्रात एका घरचे असे दूध पडले, तर साऱ्या गावचे दूध बिघडते. आणि या नुकसानीचा आरंभ दुकानात न उच्चारलेल्या एका वाक्यात असतो.

काही औषधे तर अन्न देणाऱ्या जनावरांसाठी मुळीच विकता येत नाहीत. जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन आणि मार्च २०२५ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या गटातील औषधे अशा वापरासाठी प्रतिबंधित करण्यात आली. कोंबडीपालन व मत्स्यशेती करणारेही या बंदीच्या कक्षेत येतात. जुना साठा फळीवर राहिला असल्यास तो वेगळा काढून पुरवठादाराकडे परत करावा.

नकार कसा द्यावा

‘‘आपण नाकारले तर शेजारचा देईलच,’’ हा युक्तिवाद विक्रेते नेहमी करतात. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. दवाखाना दहा-बारा किलोमीटर दूर असलेल्या सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील पशुपालकाला कोरडा नकार देणे ही त्याची सेवा नव्हे, हेही खरे. म्हणून नकाराबरोबर पुढची वाट दाखविली पाहिजे. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता, वेळा व दूरध्वनी क्रमांक दुकानात ठळक अक्षरांत लावावा. अनेक राज्यांत फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक चालतो. आपल्या भागात तो लागतो किंवा नाही हे आधीच पाहून ठेवावे. गिऱ्हाइकाच्या वतीने फोन लावून द्यावा व पशुवैद्यक येईपर्यंत जनावर सावलीत, कोरड्या जागी ठेवावयास सांगावे. असा नकार ऐकणारा पशुपालक त्या वेळी नाराज होईल. पण गाय वाचल्यावर तो पेंड घ्यायला त्याच दुकानी येईल.

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पशुआरोग्य कार्यक्रमात ‘पशु औषधि’ या घटकाचा समावेश करून सहकारी संस्था व किसान समृद्धी केंद्रांमार्फत स्वस्त जेनेरिक पशुऔषधांच्या विक्रीस मान्यता दिली. यामुळे आजवर या व्यवसायात नसलेली अनेक माणसे विक्रीच्या फळीमागे उभी राहतील. औषध स्वस्त झाले की त्याचा वापर वाढतो, आणि वापराबरोबर गैरवापराची शक्यताही. तेव्हा या नव्या विक्रेत्यांना किमतीच्या तक्त्याआधी पुढील पाठ मिळणे अगत्याचे आहे.

परवाना दर्शनी भागी लावावा. खरेदी केवळ परवानाधारकाकडूनच, बिलासह करावी. वेष्टन वाचल्याशिवाय औषध देऊ नये. चार प्रश्न विचारावे, वर्ज्यकाळ सांगावा, पावती द्यावी. आणि जेथे आपले ज्ञान व अधिकार संपतो, तेथे हात आवरून पशुवैद्यकाचा मार्ग दाखवावा. दुकानात येणारे जनावर स्वतःचे दुखणे सांगू शकत नाही, आणि त्याचे दूध पिणाऱ्या मुलाला त्या जनावराने काय घेतले हे ठाऊक नसते. या दोघांच्याही वतीने विचार करू शकेल असा माणूस त्या क्षणी एकच असतो, तो म्हणजे विक्रेता.